तांब्याचं सील

५ जानेवारी, सोमवार

खताच्या दुकानदाराने फुकट दिलेली डायरी. प्रत्येक पानाच्या तळाशी युरिया कधी द्यावा ते छापलंय. हरकत नाही. मोठ्या माणसांनी सुरुवात कसल्या कागदावर केली हे पुढे कोणी विचारत नाही.

निर्णय झाला. बीडला पेट्रोल पंपाच्या मशिनरी दुरुस्तीचा कोर्स सुरू होतोय. शेवटी परीक्षा आणि पास झाल्यावर सर्टिफिकेट. मी नाव नोंदवलं.

कारणं लिहून ठेवतो. नेकनूरच्या स्टँडसमोर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. हल्ली मोटार जळली की लोक नवीनच आणतात, गॅरंटीवाली. दुकानात मी आणि टेबल फॅन असे दोघंच असतो. माझे वडील, म्हणजे रामकिसन दादा, रोज सकाळी मेंढरं घेऊन दुकानावरून जातात आणि मुद्दाम थांबतात. बोलत काही नाहीत. फक्त काठी ह्या हातातून त्या हातात घेतात. अर्थ मला कळतो. गुडघे गेलेत त्यांचे. दुकान बंद कर आणि कळपामागं चल, असं ते म्हणतायत.

मी मेंढरांमागं जाणार नाही. हे पहिल्याच पानावर लिहून सही करतो. सुग्रीव.

आता संधी. माझी बायको शिवकन्या, तिचे मामा म्हणजे धोंडीराम अण्णा. त्यांचे दोन पंप. एक इथे नेकनूरला, दुसरा गेवराईला हायवेवर. मशीन बिघडलं की मेकॅनिक लांबून येतो, कधी येतो तर कधी नुसता येतो म्हणतो. अण्णा परवा साखरपुड्यात वैतागून म्हणाले, सुग्रीवा, तू ते सर्टिफिकेट आण, दोन्ही पंपावरचं सालभराचं काम तुझं. चारचौघांत म्हणाले. साक्षीदार आहेत.

मुळात पंप म्हणजे काय? मोटार, पाइप आणि आकडे. मोटार मला येते. पाइपात शिकण्यासारखं काही नसतं. आकडे आपोआप फिरतात.

शिवकन्या म्हणाली, सोलरच्या कोर्साला बी तुमी असंच म्हणलतात. तिला समजावलं की सोलरचा कोर्स मी सोडला नाही, तो कोर्सच भलतीकडे चालला होता.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज अभ्यास. तंबाखू बंद.

६ जानेवारी

पाचला उठलो नाही. कोर्स उद्यापासून आहे. आजच लवकर उठून ताकद वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

७ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. शिकवायला भारत सर. अंबाजोगाईचे. अर्धं आयुष्य पंपाच्या मशिनींत गेलेलं, आवाज बारीक, चष्मा दोरीने गळ्यात. शेजारी गेवराईचा हरिओम बसला. माणूस बरा आहे, पण सारखे प्रश्न विचारतो. ज्याला येत नसतं तो विचारतो. मी एकही विचारला नाही.

दिवसभर काय शिकवलं, तर मोबाइल लांब ठेवा. टेरिकॉटचा शर्ट घालू नका, ठिणगी पडते. आधी मेन स्विच बंद करा. आणि कव्हर उघडायच्या आधी मशीनभोवती चार नारिंगी कोन मांडा, रस्त्याच्या कामावर असतात तसले, म्हणजे गिऱ्हाईक जवळ येणार नाही. कोन मांडण्याची प्रॅक्टिसही घेतली. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला एसटीने बीडला नेऊन प्लास्टिकचे कोन मांडायला लावले.

दुपारी जरा डोळे मिटून विचार करत होतो. सर जवळ येऊन म्हणाले, सुग्रीवराव, खुर्ची भिताडाला टेकवा, म्हंजी पडायची भ्या न्हाई. बाकी कोणाला ते राव म्हणत नाहीत. अनुभवाची कदर आहे.

१२ जानेवारी, सोमवार

बोर्डाची ऑर्डर दिली. रामेश्वर पेंटर. मजकूर मीच सांगितला: सुग्रीव, प्रमाणित पेट्रोल पंप मेकॅनिक, बीड जिल्हा. रामेश्वरने ब्रश खाली ठेवून विचारलं, सर्टिफिकेट आलं का? त्याला म्हटलं, तुझा रंग वाळेपर्यंत येईल. तो म्हणाला, माझा रंग लवकर वाळतो. नसते वाद घालणारी माणसं.

लाल रंग थोडा उरला. दादांनी मेंढरांच्या पाठीवर खुणा करायला नेला. नेताना बोर्ड वाचला. त्यांना वाचता येतं हे मी विसरलोच होतो. म्हणाले, जिल्हा कावून? आधी नेकनूर तर हू दे.

१४ जानेवारी, संक्रांत

अण्णांकडे तिळगूळ. अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय काय शिकलास? मी कोनांचं सांगितलं. हसले सगळे. अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, आपल्या बी पंपावर कोन हायत, स्टोअरात पडून हायत, कुणी वापरीत न्हाई. मी म्हटलं, माझ्या हाती काम आलं की बघा कसे नियम पाळले जातात ते.

येताना शिवकन्या बऱ्याच दिवसांनी माझ्याशी हसून बोलली. हे काम मिळालं तर ती ब्लाउज शिवणं कमी करणार आहे. डोळे दुखतात तिचे. हे काम मिळालंच पाहिजे.

तंबाखू: सणाचा दिवस सोडून बंद.

१९ जानेवारी, सोमवार

आज महत्त्वाचा धडा: मापाचा. सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप असतं, पत्र्याचं, वर निमुळती मान, मानेवर रेघा. मशीनवर पाच लिटर लावायचे, माप भरायचं, डिझेल बरोबर रेघेवर आलं म्हणजे मशीन ठीक.

मला थोडा उशीर झाला. रामेश्वरने माझ्या नावातला ग्री नीट काढला का ते बघायला थांबलो होतो. पोचलो तर सुरुवातीचं झालं होतं, सर थेट माप भरत होते. माझ्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. माप आधीच आतून ओलं होतं. कालच्या बॅचने वापरून तसंच ठेवलेलं दिसतंय. सरकारी शिक्क्याच्या वस्तूची ही अवस्था. बोललो नाही, सरांचा अपमान झाला असता. मनात नोंद केली: आपल्या पंपावर माप ठणठणीत कोरडं वापरायचं.

नंतर सिलाचा विषय. मशीनच्या आत मीटर असतो, त्याला सेटिंगची चकती असते. चकती फिरवली की तेल कमीजास्त पडतं. म्हणून वजनमाप खात्याचे साहेब तिला तार ओवून शिशाचं सील ठोकतात. सर सिलाबद्दल फार वेळ बोलले. मी ऐकलं नाही. तार ह्या विषयावर मला कोणी काय सांगणार? माझी हयात तारेत गेली.

हरिओमने पानं भरून लिहून घेतलं. बिचारा.

२५ जानेवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यात लक्षात राहील.

अण्णा गेवराईच्या पंपावर गेलते. आदल्या दिवशी मी परवानगी घेतली होती, जरा मशीन बघून येतो म्हणून. अण्णा म्हणाले होते, बघ, पण नुसतं बघ. मी नेकनूरच्या पंपावर गेलो. तिथे नोझल धरायला बबिता असते. कडक बाई. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनाही रांगेत उभं करते. तिला म्हटलं, माप काढ.

माप मी सुती फडक्याने पुसलं. उन्हात ठेवलं. हात लावला तर चटका बसावा इतकं कोरडं केलं. मग भरलं. डिझेल रेघेच्या खाली. पुन्हा पुसलं, वाळवलं, भरलं. पुन्हा खाली. किती वेळा केलं मोजलं नाही, दर वेळी तितकंच कमी. शास्त्रशुद्ध.

मी हादरलो. अण्णांचं मशीन गिऱ्हाइकाला कमी तेल देत होतं. अण्णा सज्जन माणूस, त्यांना माहीत असणं शक्य नाही. वजनमापवाले आले असते तर अण्णांचं नाव पेपरात. शिवकन्येच्या आजोळचं नाव पेपरात. ते मला बघवलं नसतं.

पक्कड होतीच. सील कापलं. बबिता म्हणाली, सायबाला इचारलं का? मी म्हटलं, बाई, मी प्रमाणित आहे. ती म्हणाली, कवापासून? मी म्हटलं, महिन्याभरात. चकती फिरवली. माप बरोबर रेघेवर आणलं आणि आणखी एक घर पुढे घेतलं, गिऱ्हाइकाला थोडं सढळ मिळालं तर अण्णांचंच नाव होईल म्हणून.

मग सील. जुनी तार तुटलेली. खिशात वाइंडिंगची तांब्याची तार असतेच. तीच ओवली, पीळ दिला, शिशाचा तुकडा चेपून बसवला. खात्याच्या सिलापेक्षा देखणं झालं. उन्हात चमकत होतं.

अण्णांना सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं. फक्त न्हाव्याला सांगितलं, आणि रामेश्वरला.

कोन मांडायचे राहिले. पण गिऱ्हाईक फार नव्हतं.

२७ जानेवारी

नेकनूरच्या पंपावर तेल सढळ मिळतंय, असं गावात बोललं जातंय. मी कोणाला काही सांगितलं नाही. न्हाव्याने सांगितलं असेल.

२९ जानेवारी, गुरुवार

पंपावर रांग. उसाचे ट्रॅक्टर वाट वाकडी करून येतायत. अण्णा खूश. मला बोलावून चहा पाजला. म्हणाले, काय झालंय बे सुग्रीवा, लोकं दुसरे पंप सोडून इकडंच येऊ लालेत. मी फक्त हसलो. म्हटलं, कधी कधी माणसाचं पुण्य कामाला येतं. माझ्या पुण्याबद्दल बोलत होतो, पण ते अण्णांना स्वतःचं वाटलं. वाटू दे.

संकल्प: पाचला उठणे. ह्या वेळी खरंच, कारण मोठ्या जबाबदाऱ्या येणार.

१ फेब्रुवारी, रविवार

अण्णा चिंतेत. रोज टाकीत लांब काठी सोडून तेल किती उरलं ते बघतात, त्याला डिप म्हणतात. विक्री जितकी दिसते त्याहून टाकीतलं तेल जास्त उतरतंय. अण्णांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तू आता शिकलेला हायस, काय आसंल?

मला बरं वाटलं. सल्ला विचारला. मी टाकीभोवती एक फेरी मारली, कान लावला, जमिनीवर दोनदा पाय आपटला. म्हटलं, चोरी. दुसरं काही असू शकत नाही.

मग राखणदार म्हणून दादांचं नाव सुचवलं. त्यांनाही काम, मेंढरांनाही जागा. अण्णा तयार झाले.

२ फेब्रुवारी

दादांना चोर सापडला नाही. मेंढरांना अण्णांच्या मंडळींनी ऑफिससमोर लावलेली शेवंती सापडली. राखणदारी संपली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज उजळणी. सरांनी हरिओमला पुढे बोलावलं, माप घेऊन दाखव म्हणाले. हरिओमने माप सपाट जागी ठेवलं, पाच लिटर भरलं, आणि न बघता परत टाकीत ओतून टाकलं. मग उपडं धरून थेंब निथळू दिले. मग पुन्हा भरलं आणि आता रेघ बघितली.

मी मोठ्याने म्हणालो, हे चुकलं. माप कोरडं पाहिजे.

सर चष्मा लावून माझ्याकडे बघत म्हणाले, सुग्रीवराव, मापाच्या आतल्या अंगाला थोडं तेल चिकटून ऱ्हातं. म्हणून मापावरच्या रेघा ओल्या मापाच्या आसतात. कोरड्यात भरलं की दर वेळी कमीच दिसंल, मशीन कितीबी चांगली आसली तरी. म्हणून आधी ओलं करायचं. ह्ये मी त्या दिवशी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

मला घाम आला. वर्गात हवा खेळत नाही.

नंतर सरांना एकटं गाठून विचारलं. समजा, एखाद्याने कोरड्या मापावरून मशीन सेट केली तर? सर म्हणाले, त्येला आधी सील तोडावं लागंल, आन् सील तोडायचा अधिकार मेकॅनिकला न्हाईच, खात्याला कळवावं लागतं. कुणी तोडलं का? मी म्हटलं, नाही, हरिओम विचारत होता.

म्हणजे मशीन आधी बरोबर होती. आता ती लोकांना फुकट तेल वाटते आहे. आणि मी एक घर पुढेही घेतलं आहे.

काळजीचं कारण नाही. उद्या जाऊन चकती मागे फिरवतो. कोणाला कळायच्या आत.

४ फेब्रुवारी, बुधवार

क्लासला दांडी. सकाळी पंपावर गेलो. ट्रॅक्टरांची ही रांग. एक ड्रायव्हर ट्रॉलीवरून ओरडून म्हणाला, सुग्रीवभाऊ, तुमी लई भारी काम केलं. रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

मशीनपर्यंत पोचलो तर कव्हर उघडं. आत वाकलेला लांबचा नेहमीचा मेकॅनिक. ज्याची कायम वाट बघावी लागते तो नेमका आज आला होता. शेजारी अण्णा. अण्णांच्या तळहातावर तांब्याची तार.

अण्णा म्हणाले, नेकनूरात ही तार किती जणांकडं हाय? मी म्हटलं, बऱ्याच जणांकडे असेल. अण्णा म्हणाले, असा पीळ किती जण देतात? आमच्या विहिरीवरच्या मोटारीला तू असाच दिलता.

बबिता नोझल धरून आभाळाकडे बघत होती.

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मग स्वतःच्या हाताने मशीनवर पोतं टाकलं आणि वजनमाप खात्याला फोन लावला. सील माझ्या घरच्याच माणसानं तोडलंय म्हणून सांगितलं. घरच्याच माणसानं, असं म्हणाले. साहेब येऊन नवीन सील ठोकेपर्यंत डिझेल बंद. रांगेतले ट्रॅक्टर एकेक करून वळले.

चहा गोड होता. अर्धा तसाच ठेवला. मला फार लाज वाटली. हे इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी कोणी वाचत नाही.

५ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. चूक सेंटरची आहे. इतका महत्त्वाचा मुद्दा त्यांनी तासाच्या सुरुवातीला सांगायला नको होता.

शिवकन्या काल दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज बोलली. म्हणाली, मामांनी तुमाला एक शबूद बी उणा बोलला न्हाई, त्येचं मला जास्त लागलं. मग पुन्हा शिवायला बसली.

दादा दुकानावरून गेले. आज काठी हलवलीही नाही. थांबलेसुद्धा नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

खात्याचे साहेब आले. अण्णांनी मला निरोप पाठवला होता, पंपावर येऊ नको. मी पंपावर गेलो नाही, समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. तिथून सगळं दिसतं. साहेबांनी माप सपाट ठेवलं, भरलं, ओतलं, निथळू दिलं, मग मोजलं. अगदी हरिओमसारखं. नवीन सील ठोकलं. त्यांची तार काही खास नव्हती. पीळही सैल.

डिझेल सुरू झालं. रांग नव्हती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परीक्षा. बाहेरचे परीक्षक, चेहरा कोरा.

लेखी पेपर मी सगळ्यांच्या आधी दिला. बाहेर आल्यावर हरिओमने विचारलं, मागच्या पानावरचे प्रश्न अवघड वाटले का? कागदाला मागची बाजू होती. हे आधी सांगायला पाहिजे.

प्रॅक्टिकल. मोबाइल लांब. सुती शर्ट. मेन स्विच. चार कोन मांडले, सुतात. माप मी एकदा ओलं केलं, आणि खात्री म्हणून पुन्हा एकदा केलं. परीक्षकाने काहीतरी टिपलं.

मग तोंडी. पहिला प्रश्न: मशीन उघडल्यावर मीटरचं सील तुटलेलं दिसलं तर काय कराल?

मी बोलायला सुरुवात केली. हात लावायचा नाही. विक्री त्याच क्षणी बंद. मालकाला सांगायचं, खात्याला कळवायचं. दुसरी कुठलीही तार ओवायची नाही, विशेषतः तांब्याची. सील नसताना विक्री चालू राहिली तर टाकीतलं तेल कसं उतरतं, रांग कशी लागते, मालक चोर कुठे शोधतो, शेवंतीचं काय होतं, आणि मालक ओरडला नाही तर माणसाला कसं वाटतं, सगळं सांगितलं. परीक्षकाचा चेहरा पहिल्यांदा हलला. म्हणाले, इतकं बारकाईनं आजपर्यंत कुणी सांगितलं नाही, हे कुठे वाचलंत? मी म्हटलं, अनुभव.

भारत सर खिडकीतून बाहेर बघत होते. खांदे हलत होते त्यांचे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पास. लेखीत काठावर, तोंडीत वर्गात पहिला. म्हणजे सरासरी उत्तमच. हरिओमही पास झाला. त्याला नोकरीही लागली म्हणे, मशिनी बसवणाऱ्या कंपनीत. कंपन्यांना असेच लोक लागतात, प्रश्न विचारणारे.

सर्टिफिकेट लॅमिनेट केलं. बोर्ड टांगला. रामेश्वर खाली उभा राहून म्हणाला, बघ, रंग केव्हाच वाळलाय. शिवकन्येने बोर्डाला हळदकुंकू लावलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं.

आता फक्त अण्णांचा फोन. ते चारचौघांत बोलले होते.

२ मार्च

अण्णांचा फोन नाही. होळीची गडबड असेल.

६ मार्च

फोन नाही. मी स्वतःच्या नंबरवर शिवकन्येच्या फोनवरून लावून बघितला. रिंग येते.

९ मार्च

दादा थांबले. काठी ह्या हातातून त्या हातात.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी अण्णांचा फोन. सर्टिफिकेट घिऊन पंपावर ये, काम हाय.

सुती शर्ट घातला. पक्कड, पाने, सगळं पिशवीत भरलं. तांब्याची तार खिशातून काढून दुकानातच ठेवली. दादा मेंढरं घेऊन समोरून येत होते. त्यांना म्हटलं, आता माझी वाट बघू नका. ते म्हणाले, जा, पन दुपारच्याला ये जेवायला.

अण्णांनी सर्टिफिकेट पूर्ण वाचलं. उलटून मागची बाजूही बघितली. म्हणाले, मी चारचौघांत बोललतो. शबूद फिरवनार न्हाई. दोन्ही पंपावरचं सालभराचं काम तुझं. मी वाकून पाया पडलो.

मग अण्णा उठले आणि चालायला लागले. डिझेलच्या मशीनकडे नाही, उलट्या बाजूला. कंपाउंडच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे टायरमध्ये हवा भरायची मशीन आहे. तिच्यावर हात ठेवून म्हणाले, ही तुझी. गेवराईची बी. हवा आपुन फुकट देतो. तिला माप न्हाई आन् सील बी न्हाई.

मी मशीनचं झाकण काढून बघितलं. नंतर विचार केला. हवेशिवाय गाडी पंपापर्यंत येणारच नाही. म्हणजे मूळ काम हवेचंच आहे. शिवाय महिन्याचे पैसे ठरलेले, म्हणजे मेंढरांमागं जायचं नाही आणि शिवकन्येच्या डोळ्यांना आराम. हे मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं आणि ते खरं झालं. कॉम्प्रेसरची मोटार जळलेली होती. उद्या वाइंड करून देतो. मोटार मला येते.

हात धुवायला पाणी बघत मी ऑफिसकडे निघालो. पाहतो तर डिझेलच्या मशीनभोवती चारही नारिंगी कोन. कव्हर बंद, मेन स्विच चालू, आणि ट्रॅक्टर त्या कोनांमधूनच आत येऊन डिझेल भरून जात होते. मी बबिताला म्हटलं, दुरुस्ती नसताना हे कावून मांडलेत? ती नोझल न सोडता म्हणाली, अण्णांचा हुकूम हाय. तुमी पंपावर आलात की मांडायचे, गेलात की उचलायचे.

नियम पाळले जातायत हे बघून समाधान वाटलं. मी लांबून वळसा घालून हवेकडे परत आलो.